मेलेल्या बोकडाची ताकद

यंत्र आलं की माणसांची कटकट कमी होते, असं म्हणतात. आमच्या सोलापूरच्या लॅबमध्ये ऑटोमॅटिक मशीन आलं, कटकट होती तेवढीच राहिली आणि वर किस्से वाढले. चहाला चौघं जमलो की एक निघतो, त्याला धरून दुसरा येतो.

मशीनचं काम साधं. बोकडाच्या मांसातला केसाएवढा एक तंतू दोन बारीक हुकांत अडकवायचा. पुढचं सगळं तेच करतं. तंतू द्रावणात बुडवतं, तो आखडला की त्याची ओढ मोजतं, आलेख काढतं. माणसानं फक्त गप्प बसायचं. तेच आम्हाला जमत नाही!

आम्ही म्हणजे प्रमुख देशमुख मॅडम, शिपाई शेखभाई, मी टेक्निशियन आणि पीएच.डी. करणारी अक्कलकोटची महादेवी. माळशिरसच्या एका कॉलेजात तिची नोकरी ठरल्यात जमा होती. अट एकच, कॉलेज उघडायच्या आत डिग्री हातात हवी. त्यामुळे मशीन जरा रुसलं की पोरीचा चेहरा उतरायचा.

*

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. फीत कापली, बटण दाबलं आणि पडद्यावर आलेख असा झोकात चढला की टाळ्या थांबेनात. "वा! काय ताकद आहे बोकडात!" पाहुणे म्हणाले.

ते गेल्यावर महादेवीनं झाकण उघडलं. आत तंतूच नव्हता! गडबडीत लावायचा राहिला होता आणि मशीन आपलं कंपनीनं भरून दिलेला डेमो दाखवत होतं.

तसा देखणा आलेख खऱ्या तंतूनं आजवर काढलेला नाही.

*

मॅडम शुद्ध शाकाहारी. एकदा मटणवाल्याला फोन करायची वेळ त्यांच्यावर आली.

"कशाला पायजे, मॅडम? सुक्कं का रस्सा?"

"ताणायला," मॅडम म्हणाल्या.

मग तो म्हणाला, "मग म्हातारं देतो की! बसा दिवसभर ताणत!"

*

रीडिंग चालू असताना पंखे बंद. वारा नको, हादरा नको. मे महिन्यातलं सोलापूर, दारं-खिडक्या लावलेल्या आणि घामानं निथळणारे आम्ही. तंतूच्या कप्प्यात मात्र मस्त गारवा, कारण उष्णतेनं तो खराब होतो.

शेखभाई टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "क्या साब, मरे सो बकरे को थंडा, हौर जित्ते लोगां को भट्टी!"

*

मग एकदा आलेखात बारीक ठेका दिसायला लागला. टक, टक, टक, अगदी नियमित. मॅडम हरखल्या. स्नायूला स्वतःची लय असते, हा केवढा शोध! पेपरचं नावसुद्धा ठरलं.

दुपारी ठेका अचानक थांबला. तेवढ्यात आमच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यातले पॉवरलूमही थांबले होते.

महादेवी हळूच म्हणाली, "मॅडम, मसल बी जेवायला गेला की!"

*

पण खरा किस्सा तिच्या तोंडी परीक्षेचा. पुण्याहून परीक्षक आले. आलेख बघून त्यांनी नाक मुरडलं. "इतकी सरळ रेघ? शंका येते. माझ्यासमोर करून दाखवा."

महादेवीनं तंतू लावला. सर स्टुलावर बसले, मशीनच्या टेबलाखालच्या दांडीवर दोन्ही पाय ठेवले आणि हलवायला लागले. पडद्यावर लाटाच लाटा!

"बघा! हा डेटा मी कसा मान्य करू?"

परीक्षकाला पाय हलवू नका म्हणायचं कुणी, तेही सही व्हायच्या आत? मॅडम छताकडे बघायला लागल्या. मी खोकलो. शेखभाईंनी मध्येच चहा आणला. सरांनी कप घेतला आणि पाय आणखी जोरात चालू झाले. लाटा वाढल्या, शेरा मारायला सरांनी पेनचं टोपण काढलं. महादेवीचे डोळे भरून आले होते. मला तिची फार दया आली.

एकदम ती पुढे झाली, वाकली आणि तिनं सरांचे दोन्ही पाय धरले.

"अहो, असू दे, असू दे!" सर अवघडले. ती सोडेना. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "यशस्वी..."

पडद्यावर रेघ सरळ चालली होती.

टेबलाखालून आवाज आला, "सर, आशीर्वाद मागनं द्या. रीडिंग संपूस्तवर हलू नका!"