शेपटी बाहेर आहे, मॅडम

माझ्या केबिनमध्ये मायक्रोमीटरच्या पेटीशेजारी एक काचेची बरणी आहे. तिच्यात स्पिरिटमध्ये बुडवलेलं वटवाघूळ आहे. गिऱ्हाईक आधी दचकतं, मग विचारतं. मी सांगतो, ही बरणी खरं तर कॉलेजच्या कपाटात असायला हवी होती. ती इथे आहे याला कारण एक चिठ्ठी.

मोहने गावाकडच्या एका बंद शेडमध्ये मी जुना लेथ बघायला गेलेलो. तिथे गर्डरखाली हे मेलेलं सापडलं. दुसऱ्या कोणी पायाने लोटलं असतं. पण वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली वटवाघळं राहतात, आणि त्यांच्यापायी मी पुस्तकं आणून वाचायला लागलेलो. नववीत शाळा सुटली म्हणून वाचायचं सुटत नाही. वटवाघळाची जात ओळखायची म्हणजे शेवटी मापं घ्यायची. कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड, कान, शेपटी. आणि मापं हा माझा धंदाच आहे. दुसऱ्याच्या शेडमध्ये लोखंडाचा चुरा झाडत सुरुवात केली, आज शाफ्ट आणि बुश स्वतःच्या मशीनवर काढतो.

या वटवाघळाची जाडसर शेपटी मागच्या पायांमधल्या पडद्याच्या बाहेर निम्मी तरी मोकळी होती. वरच्या ओठाला सुरकुत्या. म्हणजे मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ. मी ते ठाण्यातल्या एका कॉलेजच्या संग्रहाला फुकट दिलं. अट एकच, बरणीवरच्या चिठ्ठीवर माझं नाव.

महिन्याभराने बघायला गेलो. चिठ्ठीवर होतं, 'साधे घरवाघूळ. एका कामगाराने आणून दिले.'

कामगार असण्यात कमीपणा नाही, मी होतो. पण ज्याने स्वतःचं नाव सांगितलंय त्याला 'एक' म्हणायचं? माझं डोकं फिरलं. संग्रह सांभाळणाऱ्या प्राध्यापक मॅडमच्या टेबलावर मी बरणी आणून ठेवली.

"हे घरवाघूळ नाही."

"अहो काका, दिसतंय ना? शेपूट टोकापर्यंत पडद्यात आहे. मुलांनी बघूनच लिहिलंय."

"मुलांनी पाय कसे बांधलेत ते बघा."

काचेच्या पट्टीवर पाय ताणून दोऱ्याने बांधले होते. या वटवाघळांचा पडदा शेपटीवर पुढेमागे सरकतो, शाफ्टवर बुश सरकावा तसा. पाय ताणले, पडदा खाली आला, शेपटी झाकली गेली.

"सौदा करू," मी म्हणालो. "दोरा सोडा. शेपटी आतच राहिली तर तुमचे सगळे मायक्रोस्कोप मी जन्मभर फुकट दुरुस्त करीन. बाहेर आली तर चिठ्ठी माझ्यासमोर बदलायची."

"काका, ही काय भाजी मंडई आहे?"

"नाही ना, म्हणून एकच भाव सांगतोय."

मॅडम हसल्या, पण दोरा सोडला. चिमट्याने पडदा हलकेच वर ढकलला. शेपटी बाहेर आली. भिंग लावून त्यांनी ओठ बघितले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

मला चेव चढला. "आता जातही लिहा. दोन्ही कान कपाळावर कातडीच्या पट्टीने जोडलेत."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. कान अगदी जवळ होते, पण मध्ये फट होती. मी पट्टी समजलेलो ती ग्रीसने चिकटलेली केसांची बट होती. ग्रीस माझ्याच बोटांचं.

"कान जोडलेले नाहीत, म्हणजे इजिप्शियन जात," मॅडम म्हणाल्या.

"एक माझं, एक तुमचं." मापापुढे मी वाद घालत नाही.

नवी चिठ्ठी त्यांनी सुबक अक्षरात लिहिली. जात बरोबर, गाव बरोबर. खाली, 'एका स्थानिक उद्योजकाकडून.'

"नाव?"

"नियम आहे हो. फक्त प्रशिक्षित लोकांची नावं लागतात."

"तुमच्या प्रशिक्षित मुलांनी शेपटी लपवली. ती बाहेर कोणी काढली?"

"मान्य आहे. पण नियम मी केलेला नाही."

"मग बरणीही तुमची नाही. अट मोडली, माल परत."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

त्यांनी बरणीवरचा हात काढला. चिठ्ठी मात्र स्वतः चिकटवून दिली. खालची ओळ मी वर्कशॉपमध्ये येऊन खोडली आणि तिथे नाव घातलं.

गेल्या महिन्यात मॅडम स्वतः व्हर्निअर घेऊन केबिनमध्ये आल्या. हाड मोजलं, शेपटी मोजली, चहा घेतला.

"द्या ना आता. आमच्याकडे ही जात नाही."

"नियम बदलला?"

"नाही."

"मग माझा भावही तोच."

त्यांनी मापं वहीत उतरवली. मग पेन थांबवून विचारलं, "नमुना कुणाकडे आहे म्हणून लिहू?"

मी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, गाळा नंबर सांगितला. त्यांनी लिहिलं. मी वाकून वाचून घेतलं.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या.

"वहीत झालं. बरणी न्यायची तर तुमच्या चिठ्ठीवर पाहिजे."