माझी पाळी मंगळवारी

दर मंगळवारी दुपारी चारला मी हरवतो. कधी लाकडाच्या वखारीत, कधी शाळेच्या जिन्याखाली. वेळापत्रक मीच आखलेलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. हे सगळं माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे.

आक्काचं शिवणाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊजी वखारीमागच्या खड्ड्यात पडले आणि त्यांचा पाय मोडला. अख्खी गल्ली त्यांना बाजारात शोधत असताना दुकानातली कुत्री गुंडी थेट त्या खड्ड्याशी जाऊन भुंकत राहिली. तेव्हापासून आक्कानं मनावर घेतलं, की आपला माणूस सापडला तसा दुसऱ्यांचाही सापडायला हवा. हरवलेली माणसं शोधायला गुंडीला बोलवत जा, असं सांगायला ती अग्निशमन केंद्राच्या साहेबांकडे गेली. परीक्षा घेऊ, उतरली तर बोलावू, नाहीतर आपलं शिवणकाम बघा, असं साहेब म्हणाले.

पाय बरा झाल्यावर भाऊजी तीन महिने हौसेनं लपले. गुंडीला त्यांचा सदरा हुंगवायचा, की ती त्यांना शोधून काढायची आणि त्यांच्या खिशातले शेंगदाणे मिळवायची. एकदाही चुकली नाही.

परीक्षेला साहेबांनी आपला ड्रायव्हर लपवला आणि त्याची टोपी गुंडीपुढे धरली. गुंडी सुसाट सुटली आणि बाकावर निवांत बसलेल्या भाऊजींपुढे जाऊन भुंकू लागली. साहेबांची हसून हसून पुरेवाट झाली. महिन्यानं शेवटची संधी देतो, म्हणाले.

  घरी परतल्यावर दारात चपला काढताना आक्का म्हणाली, "तिचं काही चुकलं नाही. आपण तिला फक्त ह्यांनाच शोधायला शिकवलं."

त्याच संध्याकाळी मी कुणी कधी लपायचं याचा तक्ता केला. सोमवारी गल्लीतला न्हावी, मंगळवारी मी, बुधवारी नर्सबाई. न्हावी तर एकदा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून हरवायला गेला.

दुसऱ्या परीक्षेला गुंडी पुन्हा भाऊजींच्या बाकापाशी थबकली. भाऊजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला. आक्काचा जीव टांगणीला लागला. गुंडीनं एकदा शेपूट हलवली, पुढे गेली आणि मैदानाच्या टोकाच्या रिकाम्या टाकीवर भुंकू लागली. आतून ड्रायव्हर कपडे झटकत बाहेर आला. साहेबांनी आक्काचा फोन नंबर केंद्रातल्या फळ्यावर लिहिला.

भाऊजी मात्र दिवसभर फुगून बसले होते. "माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तिनं."

"तुम्ही कुठं हरवला होतात?" आक्का म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.