शेवटच्या पंगतीचं चित्र

मार्केट यार्डातल्या निम्म्या टेम्पोंच्या पाठीवरचे मोर सीताराम पेंटरचे. मूळचा वाशीमकडचा. बोलणं कमी, मिजास जास्त. म्हणायचा, "टेम्पो मालकाचा असेल, मोर माझा आहे."

गुलटेकडीजवळच्या एका लहानशा चर्चच्या पाळकांनी, सलिल पाळकांनी, त्याला जेवणाच्या खोलीची भिंत रंगवायला दिली. घाईघाईत सांगून गेले, "येशू आणि त्याचे शिष्य. शेवटचं जेवण. पंगत बसली आहे असं काढा." सीतारामच्या डोक्यात तेवढीच 'शेवटची पंगत' राहिली.

आता, आमच्या खेड्यापाड्यांत शेवटची पंगत म्हणजे काय? पाहुणे जेवून विडा चघळत गेले, उन्हं कलली, की मग आचारी, वाढपी आणि घरची माणसं बसतात. वरणात डाळ शोधावी लागते. सीतारामने तेच काढलं. घामेजलेले, बाह्या सारलेले शिष्य पत्रावळींपुढं बसलेत, आणि खांद्यावर पंचा टाकलेला येशू बादली तिरपी करून तळाचं वरण वाढतोय. टेम्पो कधी ना कधी भंगारात जातो, भिंत जात नाही, म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खाली स्वतःचं नाव घातलं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी मंडळी भिंतीपुढं जमली.

"अहो पेंटर," खजिनदार श्रीधर साळवे म्हणाले, "प्रभूला बसायला जागा उरली नव्हती का?"

"घरधनी आधी बसत नसतो, साहेब."

"बरं. आणि प्रभूला दगा देणारा यहूदा कोणता?"

"ज्याच्या पत्रावळीवर दोन जिलब्या आहेत तो. शेवटच्या पंगतीला जिलबी उरत नाही. त्यानं आधीच लपवल्यात."

सगळ्यांच्या नजरा हळूच साळव्यांकडे वळल्या. चर्चच्या प्रत्येक जेवणात साळवे पहिल्या पंगतीला, अगदी जिलबीच्या परातीशेजारी असत. चर्चचा स्वयंपाक पाहणाऱ्या सुहासिनीबाईंनी हसू पदरात लपवलं.

"चुना मारा यावर," साळवे म्हणाले.

सीतारामचा चेहरा उतरला. पाळक मात्र भिंतीपुढून हलेनात. म्हणाले, "प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे मी दरवर्षी वाचून दाखवतो. पण तो रुमाल मला दिसला आज. साळवे, ईस्टरचं जेवण होऊ द्या, मग मारू चुना."

ईस्टरला पानं मांडली, तर साळव्यांच्या हातात वरणाची बादली.

"चित्राचा काही संबंध नाही," ते कुणी न विचारताच म्हणाले. "वाढपी कमी आहेत."

पहिलाच डाव त्यांनी पाळकांच्या पांढऱ्या झग्यावर वाढला. "साळवे, आपण चुना नाही, वरण मारताय," पाळक म्हणाले. पण साळवे हटले नाहीत. पंगतीमागून पंगत वाढत राहिले आणि सर्वांत शेवटी, पाठ धरून, सीतारामशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले.

सीतारामने घास हातातच ठेवून विचारलं, "साहेब, मग चुना उद्या कालवू का?"

साळव्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग सुहासिनीबाईंच्या बादलीत डोकावून पाहिलं.

"कसला चुना? अहो बाई, जरा तळापासून ढवळून वाढा. यात नुसतं पाणी आहे."