अण्णांनी राखलेली जागा

कागलला हायवेवर बेंगळुरूची बस थांबली, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी बॅग स्वतः डिकीत ठेवली आणि एवढंच विचारलं, "बॉम्ब फोडलं त्यांनी, आन् धूळ मोजायला तू कशाला?" मी बसमध्ये चढले. बस हलल्यावर मागं बघितलं, तर ते पाठ फिरवून रानाकडं निघालेले. मी रुसले. चारचौघांत डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना खपत नसे, हे तेव्हा कळलं नाही.

युरोपातल्या एका बंदराच्या गावी माझी लॅब आहे. जहाजांवरून समुद्राचं पाणी पिंपांतून येतं, देशोदेशीची माती पिशव्यांतून. त्यातलं सीझियम, म्हणजे अणुस्फोटांतून आलेलं किरणोत्सारी द्रव्य, आम्ही मोजतो. माझ्या जन्माआधी उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यांची धूळ वाऱ्यानं जगभर गेली आणि पावसाबरोबर सगळ्यांच्या रानात उतरली. आमच्याही.

म्हणून अण्णांकडं माती मागितली. त्यांनी सुट्टीवर आलेल्या गाववाल्याच्या हाती उसाच्या पट्टीतली माती पाठवली, खडे वेचून, पिठासारखी चाळून. परदेशात हलकी माती पाठवली तर लोक काय म्हणतील! मी फोनवर त्यांच्यावर चिडले. नांगरलेल्या मातीचे थर मोडतात, मग काही कळत नाही. कधीच न नांगरलेली जागा दाखवा, मी स्वतः येऊन नमुना काढते, असं मी त्यांना सांगितलं.

बांधाकडेला खाटेएवढा तुकडा आजोबांपासून गवताला सोडलेला होता. अण्णांनी तो राखला. तिथं म्हैससुद्धा बांधू दिली नाही. दर फोनला तेच सांगायचे, "कुदळ लावू दिल्याली न्हाय कुणाला. तू ये." मी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत. घर सोडून गेलेल्या तुम्हां सगळ्यांना ही पुढची सुट्टी ठाऊक आहे. माझी नऊ वर्षं आलीच नाही.

अण्णा गेले तेव्हा मी नमुन्यांच्या जहाजावर होते. पोचायला पंधरा दिवस लागले. धाकटा भाऊ संजू मला थेट बांधाकडं घेऊन गेला. आमच्याकडं आता रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळतात, वर झाड लावतात. त्यानं तो अख्खा तुकडा हातभर खोल खणून रक्षा मातीत कालवली होती. मधोमध आंब्याचं रोप होतं.

"तुझ्यासाठी एवढी जपली, म्हणून हितंच ठेवलं त्यास्नी," संजू म्हणाला. "आक्का, आता ने की माती. तुझं काम व्हईल न्हवं?"

"व्हईल की," मी म्हणाले.

नमुना काढायची नळी मी बॅगेतून बाहेर काढलीच नाही. दोन मुठी माती रुमालात बांधली. ती माझ्या टेबलावर डब्यात आहे, न मोजलेली. माझं घर म्हणजे माझ्यासाठी जागा राखून वाट बघणारा एक माणूस होता. तो त्याच जागेत गेला, आणि मी नऊ वर्षं उशिरा पोचले.