मायचा पेड

अहेरीच्या बाजारात टोपल्या विणणाऱ्या बाईंना मी उगाच विज्ञान शिकवलं. "आफ्रिकेतून निघालेल्या एका आईची डीएनएतली खूण लेकीकडून लेकीकडे होत तुमच्यापर्यंत आली! मुलगे ती पुढे देत नाहीत."

"अन् लेक नसली तं, भाऊ?"

"तिथंच संपते," मी मास्तरी उत्साहात म्हणालो. त्यांना लेक नाही, हे माहीत असून.

एरवी "हा माह्या मायचा पेड" असं दर टोपलीला सांगत त्या काठाला ती खास वीण घालायच्या. आज काठाशी येताच त्यांनी टोपली खाली ठेवली. मग त्यांनी माझ्यासोबत आलेल्या बायकोचा हात धरला. "बस बाई, हा पेड तू शिकून घे."

घरी वाकडातिकडा काठ विणताना बायको म्हणाली, "आपल्यालाही दोघं मुलगेच. माझी खूण कुठं संपते, ते नाही सांगितलंत कधी."