कन्फर्म जागा

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. हे सांगितलं की माझ्या माहेरचे, मुडबीकडचे पाव्हणे विचारतात, म्हणजे वॉचमनच्या वरची का खालची? आधी मला राग यायचा. आता मी म्हणते, बाजूची. वॉचमन चोराला आत येऊ देत नाही, मी माणसाला मरू देत नाही, आणि साहेब आले की दोघांनाही उठून उभं राहावं लागतं.

या पदासाठी कायद्यानं काय काय मागितलंय ते तरी बघा. विज्ञानाची नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी, कारखान्यात काढलेली वर्षं, वर सेफ्टीचा डिप्लोमा, आणि तिथले बहुतेक कामगार बोलतात ती भाषा. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले, प्लांटवर सुपरवायझरी केली, मग डिप्लोमा केला. भाषेचं तर विचारूच नका. घरात मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी, आणि औरादकडच्या मावशीमुळं तेलुगूही कानावरची. मुलाखतीत भाषेचा प्रश्न आला तो इंग्रजीत. विचारणाऱ्या हेड ऑफिसच्या बाईंना आमच्या चारातली एकही धड येत नव्हती, पण त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

एवढी पात्रता घेऊन मला बसवलं कुठं, तर झेरॉक्स मशीनशेजारी. काम काय? कारखाना बघायला येणाऱ्या पाव्हण्यांची हेल्मेटं पुसून ठेवायची. सेफ्टी सप्ताहात गेटसमोर हेल्मेटची रांगोळी काढायची, कामून तर मी बाई. आयुधपूजेला आमच्या स्टोअरवाल्या अण्णांनी आग विझवायच्या सिलिंडरांना हळदीकुंकू वाहिलं आणि पिनेला असा करकचून धागा बांधला की आग लागली असती तर आधी कात्री शोधावी लागली असती. मी तो कापला, तर अण्णांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. देवाचा धागा कापणारी बाई म्हणून कॅन्टीनमध्ये माझी कीर्ती झाली. मी शेडमध्ये शिरले की एकजण ओरडणार, ‘सेफ्टी आली रे!’ की सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मी बाहेर पडले की सेफ्टी गेली.

कारखान्याच्या मागच्या अंगाला सांडपाण्याची जमिनीखालची टाकी आहे. तिच्यात गाळ सडतो आणि त्याचा गॅस होतो. हा गॅस जास्त झाला की आधी नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला, बरं झालं. आणि तो पडतो. टाकीपाशी हैदराबादहून आलेली एक देखणी लाल पाटी आहे, ‘कन्फाइन्ड स्पेस’, म्हणजे कोंडलेली, धोक्याची जागा; पण सगळी इंग्रजीत. एकदा मी कंत्राटी कामगारांना विचारलं, यावर काय लिहिलंय? त्यांच्यातला एक थोडंफार वाचता येणारा म्हणाला, ‘कन्फर्म जागा.’ रेल्वेचं तिकीट कन्फर्म असतं तशी. म्हणजे साहेबांनी बघितलीय, पक्की आहे, खुशाल उतरा.

मी तशीच मॅनेजरसाहेबांकडं गेले. म्हटलं, पाटी कन्नडात आणि मराठीत लिहून द्या. ते समजुतीनं म्हणाले, मॅडम, मग ऑडिटरला कशी वाचता येईल? घ्या! टाकीत काय ऑडिटर उतरणार होता?

उतरणारे कोण, तेही सांगते. मशीन चालवायला कारखान्याला कोणीही चालतं. लिंगायत चालतो, मराठा चालतो, धनगर चालतो, परवा बिहारहून आलेला पोरगा चालतो. गाळात उतरायचं म्हटलं की मात्र मुकादमाला नेमकी आमचीच वस्ती आठवते. आजोबांनी धर्म बदलला, वडलांनी शेती केली, मी डिप्लोमा केला, तरी मुकादमाची जीप अजून त्याच वस्तीच्या तोंडाशी उभी राहते. हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि सेफ्टीच्या कुठल्याच पुस्तकात याला उपाय दिलेला नाही.

एका उन्हाळ्यात पंप गाळानं तुंबला. दुसऱ्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं, आणि टाकीत कमरेएवढा गाळ. मुकादमानं चार माणसं आणली. त्यांत सगळ्यांत वयस्क होते ते माझ्या माहेरच्या वस्तीतले, नात्यानं लांबचे, मी त्यांना मामा म्हणते. मी पोचले तेव्हा मामांच्या कमरेला दोर बांधून झाला होता, नाकाला ओला टॉवेल, आणि झाकण उचलायला पहार लावायचीच बाकी. मॅनेजरसाहेब सावलीत उभे होते.

मी विचारलं, गॅस तपासला का? साहेब म्हणाले, दरवर्षी असंच होतं, कुणाला काही होत नाही. मी म्हटलं, गॅसचा मीटर आल्याशिवाय कोणी उतरणार नाही. तेव्हा त्यांनी मला माझी जागा दाखवली. ‘मॅडम, कायदा वाचा. तुमचं काम सल्ला द्यायचं. थांबवायचं नाही.’

खरंच आहे ते. कायद्यात तसंच आहे, सेफ्टी ऑफिसरनं व्यवस्थापनाला सल्ला द्यावा, मदत करावी. पण सल्ला उभ्यानं द्यावा की बसून, हे काही त्यात लिहिलेलं नाही. मी जाऊन झाकणावर बसले. उन्हानं लोखंड असं तापलेलं की बूड भाजून निघालं, पण हलले नाही. आमच्याकडं मीटर नव्हताच, म्हणून तिथूनच शेजारच्या कारखान्यातल्या सेफ्टीवाल्याला फोन लावला, म्हटलं, तुमचा मीटर घेऊन या, मी उठू शकत नाही.

सगळ्यांत जास्त चिडले ते मामा. साहेबांचं मला काही वाटलं नाही, मामांचं लागलं. ते म्हणाले, शिकलीस ते आमच्या पोटावर पाय द्यायला का? आजची हजेरी बुडायली तुझ्या पायी. त्यांची हजेरी खरी होती आणि माझा गॅस अजून कुणी बघितला नव्हता.

मीटर आला. मी उठले. झाकण पहारीनं जरासं सरकवलं आणि दोरीला बांधून मीटर आत सोडला. पुरता खाली गेलाही नसेल, तोच असा बोंबलायला लागला की कॅन्टीनमधली माणसं बाहेर आली. साहेबांचा पहिला हुकूम काय सुटला असेल? ‘अरे, ते आधी बंद करा.’ टाकी नव्हे, मीटर.

मामांनी नाकावरचा टॉवेल काढला. मीटरकडं बघत मला हळूच विचारलं, ‘पोरी, गेल्या साली म्या उतरल्तो. तवा हे आसतं तर आसंच बोंबललं आसतं व्हय?’

मी म्हटलं, ‘व्हय मामा.’

‘मंग मी जित्ता कसा हाय?’

गेल्या वर्षी गाळ कमी असेल, वारं असेल, टाकी आदल्या दिवशी उघडी राहिली असेल, अशी कारणं माझ्याकडं होती, पण खरं तेच मी सांगितलं. म्हटलं, मला माहीत न्हाई.

मामांनी कमरेचा दोर सोडला. तो सावकाश गोळा करून त्यांनी साहेबांच्या हातात दिला. साहेबांनीही नकळत घेतला.

‘साब,’ मामा म्हणाले, ‘पिछले साल मैं उतरा तो आप यइंच खडे थे ना?’