बाबूजींची कोरांटी आणि आमची मुकी वरात

गेल्या आठवड्यात कुंभार पिंपळगावहून मेहुण्याची तार आली... माझे सासरे, आमचे बाबूजी, गेले. डोळे पुसता पुसता मला हसू फुटलं. बायकोकडे चोरून पाहिलं, तर तीही पदराआड हसत होती. दोघांनाही आमची वरात आठवली होती.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनीची गोष्ट. बाबूजींचं धान्याचं दुकान होतं आणि घराभोवती त्यांनी हौसेनं लावलेली पिवळी कोरांटी नि तरवड. पहिल्या उन्हाळ्यात तांब्या-तांब्यानं पाणी, तेही आमच्या जैन रिवाजाप्रमाणे फडक्यातून गाळून. पुढे थेंबही नाही, तरी झाडं दर वर्षी फुलायची. फूल मात्र कुणी तोडायचं नाही. पूजेला मागायला आलेल्या बायकांना ते सांगत, "ताई, हे मधमाशांचं जेवण हाय." शेजारचे धनगर तात्या चिडवायचे, "शेठ, बकरी खात न्हाई, माणूस खात न्हाई, मंग कशाला लावून राह्यले?"

"तात्या, तुमची करडई फुलली की माशी पायजे. बाकीचे दिवस तिनं काय खावं? पाव्हणीला असं वागवणं बराबर न्हाई."

आमचं लग्न ठरलं त्या साली पावसानं दगा दिला. शिवारात फूल दिसेना, बाबूजींचं कुंपण मात्र पिवळंधमक. पंचक्रोशीतल्या माशा जेवायला आल्या आणि दारातल्या लिंबावर आग्या मोहोळ लटकलं, नेमकं मांडवाच्या तोंडावर. लोक म्हणाले, धूर करा. बाबूजी म्हणाले, "लग्न पुढं ढकलीन, पण जाळणार न्हाई."

वरात कुंपणाच्या कोपऱ्यावर आली. मी घोड्यावर, पुढे जालन्याचा बँड. समोरून बाबूजी आले. मुलीच्या बापानं वऱ्हाडाला अत्तर लावायचं, तर हे ओल्या फडक्यानं एकेकाचं अत्तर पुसायला लागले. "वासानं, आवाजानं मोहोळ उठंल. घोडा इथंच ठेवा. बाजा बंद. आवाज बिलकुल न्हाई."

माझे वडील तापले. "एकुलत्या पोराची वरात चोरावानी नेऊ? बाजा न्हाई तर सोयरीकही न्हाई. चला रे, फिरवा घोडा."

मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात माझा निकाल लागला होता. मी रिकिबीतून पाय काढला. वडील म्हणाले, "बस वर."

तेवढ्यात एक माशी आली आणि वडिलांच्या मिशीवर बसली. मिशीला गुलाबाचं अत्तर चोपडलेलं. वडील थिजले. ओठ न हलवता म्हणाले, "घोडा... इथंच... ठेवा." आणि जरा थांबून, "बाजा... बंद..."

बाबूजींनी आयुष्यात पहिल्यांदा कोरांटीचं फूल तोडलं आणि व्याह्यांच्या नाकाखाली धरलं. माशीनं विचार केला... बराच वेळ केला... आणि फुलावर आली. मग अख्खं वऱ्हाड चपला हातात घेऊन, बँडवाले कर्णे बगलेत मारून, दबक्या पावलांनी मांडवात शिरलं. सगळ्यात पुढे, तोंडावर बोट ठेवून, माझे वडील.

परवा तिथं शोकाच्या बैठकीला गेलो. कोरांटी फुललेली, लिंबावर मोहोळ. मी, या घरचा कंवरसाब म्हणजे जावई, मर्तिकातही चार किस्से सांगितल्याशिवाय न उठणारा माणूस. पण त्या दारातून चपला हातात घेऊन, तोंड मिटून आत गेलो. मागून तात्या कुणाला तरी हळूच म्हणाले, "कंवरसाबांना लई लागलं."

मी खुलासा केला नाही.